लेकीची अर्धी फुलं

माझी पोरगी मागावर बसू शकली नाही, म्हणून ती सुईकडे गेली. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. आमचा माग खड्ड्याचा. खड्ड्यात दोन्ही पाय सोडून खालच्या पावड्या आळीपाळीनं दाबाव्या लागतात. तिचा एक पाय पोचायचा, दुसरा हवेतच राहायचा. कोष्ट्याची लेक आणि मागावर बसत नाही, म्हणून आमच्या पाचपावली वस्तीत लोक बोलत. मी त्यांना बोलू दिलं नाही. एकानं माझ्या दारात उभं राहून माझ्यासाठी हळहळ दाखवली, त्याला म्हटलं, तुझे दोन्ही पाय धड आहेत ना गा, मग निघ.

मी स्वतः शिकलो तो मराठी पहिलीपर्यंत. पंतोजीनं छडी मारली, मी ती हिसकून मोडली, आणि शाळा तिथंच सुटली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लुगड्याचा काठ कुठं चुकला हे मला अंधारात बोटानं कळायचं, तेवढं शिक्षण मला पुरलं. गिरणीचा भोंगा वाजू लागला तेव्हा वस्तीतली निम्मी माणसं तिकडे गेली. मी गेलो नाही.

इतवारीच्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या मडमनं खोली भाड्यानं घेतली होती. ती मूळची विलायतेची, नर्मदेकडच्या मुलखातून इकडे आली होती. तिचा पंथ ख्रिस्तीच, पण निराळा. त्यांच्यात घंटा नाही, बाजा नाही, पाद्री नाही. प्रार्थनेला जमले की सगळे नुसते गप्प बसतात म्हणे. कपडा राखी रंगाचा, अंगावर दागिना नाही. ती पोरींना शिवण आणि कशिदा शिकवायची. माझ्या बायकोनं मला न विचारता पोरीला तिकडे नेऊन बसवलं.

मी आठ-पंधरा दिवस घरात बोललो नाही. शेजारचा एकदा ओट्यावरून म्हणाला, "काय गा, तुही पोरगी मडम झाली म्हणते?"

"झाली," मी म्हटलं. "आता तुह्या पोराले सलाम कराले लावते."

तेव्हापासून पोरीचं तिकडे जाणं माझ्याकडून पक्कं झालं. ती मला ओळखून होती. गालातल्या गालात हसली.

ती जे शिकली त्याला ते लोक नमुन्याचं कापड म्हणतात. कापडाचे धागे मोजून फुलीचा टाका घालायचा, एकाच रंगाच्या सुतानं. मधे अष्टकोनी फुलं, त्यांच्या आत पानं, कुठं समोरासमोर दोन पक्षी, कुठं पानांचं कडं आणि त्यात अक्षरं. मडमकडे विलायती अक्षरं होती, माझ्या पोरीनं आपली बाळबोध घातली. तिला शाळा मिळाली नव्हती, पण त्या कापडावर ती अक्षरं शिकली. आधी टाके आले, मग त्यांचा उच्चार आला.

मडमचं कापड विलायतेहून यायचं. पोरीनं ते घरी आणून दाखवलं. मी ते हातात घेतलं, उलटं केलं, उजेडात धरलं. उभे धागे आणि आडवे धागे सारखे, एवढीच त्याची ऐट. मी माग लावला आणि तसंच कापड विणलं, आमच्या जाड सुताचं. वर आल नावाच्या झाडाच्या मुळीनं रंगवलेलं तांबडं सूत दिलं. पोरगी ते घेऊन गेली. संध्याकाळी आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणे तुही मडम?"

"चांगलं आहे म्हणे."

"एवढंच?"

"त्यायच्यात जास्त बोलत नाहीत, बाबा."

मला राग आला. पण पुढं मडमनं दुसऱ्या पोरींसाठीही माझंच कापड मागवलं, तेव्हा राग गेला.

एका दुपारी ती ओट्यावर बसून टाके घालत होती. तिची माय अंगणाच्या पलीकडे ताण्याला खळ लावत होती. मी पोरीच्या मांडीवरचं कापड पाहिलं तर कडेला एक ओळच्या ओळ अर्ध्या फुलांची. सुरीनं चिरल्यासारखी.

"हे अर्धं काहून ठेवलं वं?"

"ते अर्धंच असते."

"कोणतं झाड अर्धं फूल देते?"

"मडमच्या गावाकडे कडेले असंच काढतात, बाबा. मधे पुरं, कडेले अर्धं. तसंच शोभते."

"तुह्या मडमच्या गावाले सूत कमी पडत असंल," मी म्हणालो, आणि ती एवढी हसली की सुई खाली पडली. मग आम्ही दोघं ओट्यावर हात फिरवत सुई शोधत बसलो. माय लांबून ओरडली, काय हसून राहिले? आम्ही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंही.

अशी तिची बरीच कापडं झाली. त्यांचं तिला पुस्तक करायचं होतं. मडमकडे तिच्या आजीच्या हातचं तसं एक कापडी पुस्तक होतं. दोन नमुने पाठीला पाठ लावून कडा आत दुमडून शिवायच्या की एक पान. अशी पानं एकावर एक ठेवून शिवायची, वरून कापडाचाच पुठ्ठा आणि बांधायला फीत. पोरगी म्हणायची, माझ्या पुस्तकाला पाऊस लागला तरी काही होणार नाही, धुऊन वाळत घालीन. ती पानं जमवत राहिली.

त्या वर्षी तापाची साथ आली. वस्तीत घरामागून घर रिकामं होऊ लागलं. तिला ताप आला आणि उतरला नाही. त्या दिवसांबद्दल मी यापेक्षा जास्त सांगणार नाही. मला सांगता येत नाही म्हणून नाही, सांगायचं नाही म्हणून.

दहाव्याला भट म्हणाला, कुवार पोरीचं एवढं कोणी करत नाही. मी म्हटलं, मी करतो. नदीवर पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, एकही खाली येईना. पोरीचा मामा पुढं झाला, म्हणाला, तुझ्या नावानं चांदीच्या तोरड्या देवीला वाहतो. कावळे हलले नाहीत. चुलता म्हणाला, पोरीबाळींना जेवू घालतो. तरी नाही. ऊन वर आलं. माणसं माझ्याकडे पाहू लागली, कारण काही राहिलं असेल तर ते बापाला ठाऊक.

मी अशा गोष्टींवर भरवसा ठेवणारा माणूस नाही. पण मी हात जोडले आणि म्हणालो, "तुहं पुस्तक मी पुरं करून देतो वं."

एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. सांगायला नको होतं असं मला कधी वाटत नाही. पोरगी तिचीही होती.

पोरगी गेल्यापासून बायको खांबाला पाठ लावून बसलेली असायची. पुढ्यात ताट ठेवलं तर ताटाकडे पाहायची. वेणी नाही, आंघोळ कोणी घातली तर. एक-दोनदा ती विहिरीच्या काठाशी उगीच उभी दिसली, तेव्हा मी माग सोडून अंगणात येऊन बसायला लागलो. शेजारणींना सांगून ठेवलं की पाणी भरायला हिला एकटीला पाठवू नका. सुताचं काम पडून राहिलं. सावकाराचा माणूस दोनदा येऊन गेला, मी उठलो नाही. मला एकच भीती होती, की ही पण जाईल.

कावळ्याचं ऐकून ती उठली. फडताळातून पोरीची कापडं काढली, एकेक जमिनीवर मांडली. बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुस्तक कसं शिवता तुम्ही? हे तर समदं अर्धंच आहे."

तिचं बोट कडेच्या फुलांवर होतं.

"पोरीच्यानं झालं नाही," ती म्हणाली. "कडेची फुलं राहून गेली. म्हणून कावळा येऊन नोहता राहिला. पुरं करून देतो म्हणाले ना तुम्ही? मंग आधी पुरं तर कराव लागंल."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडात शब्द होते. पण तिनं पदर खोचला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं पदर खोचला होता. ती म्हणाली, "मले याच सुताच्या पट्ट्या विणून द्या. कडेला जोडतो आणि त्यावर उरलेलं अर्धं काढतो. तांबडं सूत आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

आणि मी मागावर बसलो. पोरीसाठी विणलं होतं तसंच कापड, पण अरुंद, पट्टीपुरतं. माझ्या हाताला ते विणणं जमेना. धोटा अडकायचा. एवढ्या वर्षांत माझा धोटा अडकला नव्हता.

बायकोला कशिदा येत नव्हता. तिनं पोरीच्या पूर्ण फुलांकडे पाहून टाका शिकून घेतला. धागे मोजायला कोष्ट्याच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. पण तिची फुली पोरीच्या फुलीपेक्षा उलटी पडायची. पोरीचा वरचा धागा उजवीकडे झुकायचा, हिचा डावीकडे. लांबून काही दिसत नसे. जवळ धरलं की फुलाच्या बरोबर मधून एक रेघ जायची, इकडे लेक, तिकडे माय. मी ते रोज पाहायचो. प्रत्येक फुलाबरोबर मला वाटायचं की पोरीचं काम झाकलं जातंय. तिनं कडेला जे मुद्दाम मोकळं सोडलं होतं, ते भरलं जातंय. माझ्या पट्ट्यांवर.

पण बायको जेवू लागली. दुपारच्या उजेडाचे टाके संध्याकाळी पडत नाहीत म्हणून सकाळची कामं उरकू लागली. शेजारणीशी भांडली, उकिरड्यावरून. ते भांडण ऐकताना मला इतकं बरं वाटलं की मी मागावरून उठून आलो नाही, उगीच सोडवायला गेलो तर थांबेल म्हणून.

मग एक दिवस मडम आली. छत्री घेऊन, पायी. ती पोरगी गेली तेव्हाही येऊन गेली होती, अंगणात गप्प बसून गेली होती. आता बायकोनं तिला हौसेनं पाट दिला आणि कापडं तिच्यापुढं ठेवली.

"पाहा बाई, पोरीचं राह्यलं होतं ते म्या पुरं केलं. अजून एवढीच उरली."

मडमनं कापड उचललं. कडेच्या फुलांवरून बोट नेलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिनं बायकोकडे पाहिलं, आणि मला कळलं की ही आता सांगणार. तिच्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. बरोबर काय ते सांगायची तिला सवय होती, एवढंच.

"बाई," मी म्हणालो, "जरा बाहेर या. मागाचं काम आहे."

मागाचं काहीच काम नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली आम्ही उभे राहिलो. मी आजवर कोणा जित्या माणसापुढं हात जोडले नव्हते, सावकारापुढं नाही, साहेबापुढं नाही. पंतोजीपुढंही नाही. तिच्यापुढं जोडले.

"तुमच्यात खोटं बोलत नाहीत म्हणे."

"नाही बोलत," ती म्हणाली. तिचं मराठी पुस्तकी होतं, एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखं.

"मंग बोलू नका. तुमच्यात गप्प बसतात. तसं बसा."

ती म्हणाली, "ती फुले अर्धीच असतात. तुमच्या मुलीला ते माहीत होते."

"मलेही माहीत आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे, आणि पट्ट्या तुम्ही विणता?"

"मीच विणतो. दुसऱ्या कोणाचं सूत त्याले लागू देईन का?"

ती वळली. आत गेली, बायकोशेजारी जमिनीवर बसली, पाटावर नाही. एक सुई घेतली, तांबडा दोरा ओवला, बायकोच्या हातात दिला. दोरा संपला की पुन्हा ओवून द्यायची. बायकोची नजर अधू होत चालली होती, ते मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं. संध्याकाळपर्यंत ती तिथं बसली. त्यानंतर अधूनमधून येऊन अशीच बसून जायची. त्या दोघींमध्ये कधी फारसं बोलणं झालं नाही.

खरं काय ते मी बायकोला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती जाऊनही आता बरेच पावसाळे झाले. लोक म्हणतील, नवरा-बायकोत असं लपवू नये. लोकांना मागाच्या खड्ड्यात बसायला सांगा, मग बोला.

फुलं संपत आली तसा मी रेंगाळू लागलो. पट्टी विणायला उशीर लावू लागलो. सूत ओलं आहे, खळ बिघडली, फणी दुरुस्तीला टाकली. बायको हसायची. "एवढासा वीतभर कपडा, आणि तुमाले महिना लागून राहिला?" ती माझी थट्टा करत होती. मला वाटायचं, करत राहा. फुलं संपली की ही पुन्हा खांबाला जाऊन बसेल. म्हणून मी जेवढं ताणता येईल तेवढं ताणलं.

पण एक दिवस तिनं सगळी कापडं घडी करून माझ्या पुढ्यात ठेवली. "झालं. आता शिवा. शब्द तुम्ही देला होता."

शब्द मी दिला होता. मडमनं तिच्या आजीचं पुस्तक नमुन्याला देऊ केलं, मी घेतलं नाही. माझ्या लेकीचं पुस्तक मला जसं येतं तसं होईल. मी जन्मात पाहिलेलं पुस्तक म्हणजे देवळातली पोथी. पोथीचं पान खालून उचलून वर उलटतात. मी तसंच शिवलं, वरच्या कडेला. पाठीला पाठ लावून, कडा दुमडून, आमच्या लुगड्याच्या काठाचा तुकडा फितीला लावून. मडमनं ते पाहिलं तेव्हा तिनं आधी सगळं पुस्तकच बाजूनं पालथं केलं, आणि मागची फुलं डोक्यावर उभी दिसली, पक्षी पाय वर करून. तिनं हळूच पुस्तक सुलटं केलं आणि पान वरच्या बाजूला उलटलं. सगळं सरळ झालं. "चांगलं आहे," म्हणाली. या वेळी मला राग आला नाही.

बायकोनं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. मी खांबाकडे पाहत होतो.

ती म्हणाली, "उद्या नदीवर जाऊ."

"काहून?"

"काहून म्हणजे? तिले कबूल केलं होतं ना? तिले पोचवाले नको?"

मला हे सुचलंच नव्हतं. मला वाटलं होतं पुस्तक घरात राहील. फडताळात. पोरीनं घातलेले टाके, तिनं काढलेली बाळबोध अक्षरं, सगळं माझ्या कापडावर. मी म्हणालो, "घरी राहू दे. तिचं घर हेच."

"तिनं मागतलं ते आपण ठेवून घ्यायचं? मंग कावळा काहून आला?"

मी वाद घालायला तोंड उघडलं. आयुष्यभर मी वाद हरलो नाही. पण मी तर पट्ट्या विणून दिल्या होत्या, मडमला गप्प केलं होतं. इतकी फुलं मी तिच्या म्हणण्याप्रमाणे पुरी होऊ दिली, आता शेवटी कोणत्या तोंडानं म्हणू की नको?

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. सोडायच्या आधी एकदा अंगठा फिरवला, फक्त मधल्या फुलांवर, जी सगळी तिचीच होती. एखादं पान काढून ठेवलं असतं तर, असं मला नंतर लोकांनी विचारलं. शब्द पुस्तकाचा दिला होता, उरलेल्या पानांचा नाही.

कापड लगेच बुडत नाही. जाड सूत, भरपूर शिवण. पुस्तक थोडं तरंगलं, एक पान आपोआप वर उलटलं, मग सुतानं पाणी पिऊन घेतलं आणि ते खाली गेलं. मी तिथंच उभा राहिलो. बायको काठावर होती. तिनं हात जोडले, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सुटली पोरगी."

परतीच्या वाटेवर ती माझ्यापुढं चालत होती. कित्येक महिन्यांत ती अशी पुढं चालली नव्हती. बाजाराच्या तोंडाशी एक बाई वांगी घेऊन बसली होती. बायको तिथं उकिडवी बसली, वांगी उलटीसुलटी करून पाहू लागली. "हे काय किडकं देऊन राहिली वं? देठ पाह्य याचं." भाजीवाली म्हणाली, घ्यायचं तर घे माय, नाही तर उठ. बायको उठली नाही. दोघींचं चांगलंच जुंपलं.

मी मागे उभा होतो. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, पायाला नदीची वाळू. मला पुढं पाऊल टाकता येईना. घशातून आवाज निघाला तो मी खोकल्यात घातला, पण तो खोकला नव्हता. बायकोनं वांगी पदरात घेतली आणि मागे वळून पाहिलं.

"काहून थांबून राहिले? चला. चूल पेटवायची आहे."

"तू हो पुढं," मी म्हणालो. "येतो मी."